जर्मन शिकतेय पण सगळं इंग्रजीतून, डोक्याचा पार भुगा झालाय (देर, दी, दास आणि आपण)

करलीचे_काटे:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एस.वाय. बीकॉमला आहे, सिंधुदुर्गातल्याच एका कॉलेजात. नाव नाही सांगत कारण पुढे थोडी तक्रार आहे. यंदा आमच्याकडे जर्मनचा सर्टिफिकेट कोर्स सुरू झाला, दर शनिवारी तीन तास, मॅडम कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून येतात. सुरुवातीला आम्ही बेचाळीस जण होतो, गणपतीच्या सुट्टीनंतर एकोणीस उरलो.

घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "जर्मान? म्हणजे टोप करूक शिकवतत की काय?" आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात ना, ती अजून मला टोपाची विद्यार्थिनी समजते.

तर पहिली चाचणी झाली आणि मला २५ पैकी ९ पडले. ऐकण्याच्या भागात स्टेशनवरची अनाउन्समेंट होती, गाडी कुठल्या 'ग्लाइस'वरून सुटेल ते लिहायचं, ग्लाइस म्हणजे फलाट. मॅडमनी मोबाईलला छोटा स्पीकर लावला आणि नेमका त्याच वेळी पाऊस कोसळायला लागला, आमचा वर्ग पत्र्याचा, आम्हाला फक्त पत्राच ऐकू आला. त्स्वाय (दोन) की द्राय (तीन) यावरून अर्ध्या वर्गाची गाडी चुकली. परत लावा म्हटलं तर म्हणे परीक्षेत अशी अनाउन्समेंट एकदाच लावतात.

पण खरी तक्रार ती नाहीच. मॅडम चांगल्या आहेत, जीव तोडून शिकवतात, पण सगळं इंग्रजीतून. 'देर'चा (पुल्लिंगी नामाआधी लागतो तो) 'देन' होतो कारण डायरेक्ट ऑब्जेक्ट. आता मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, मला कर्म कळतं, द्वितीया कळते, डायरेक्ट ऑब्जेक्ट म्हटलं की आधी ते इंग्रजीतून मराठीत आणायचं, मग मराठीतून जर्मनमध्ये न्यायचं, तोवर मॅडम फळा पुसून पुढे गेलेल्या असतात. आणि वर प्रत्येक नामाला लिंगाप्रमाणे देर (तो), दी (ती), दास (ते) पाठ करा. मुलगी म्हणजे 'मेडशेन', ती नपुंसकलिंगी! हे काय आहे!!

इथे कोणी मराठीतून विचार करून जर्मन शिकलंय का? ए-वनची (सगळ्यात पहिल्या पातळीची) परीक्षा द्यायच्या लायकीची मी होईन का, की पुढच्या सेमला गपचूप सोडून देऊ? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

आडबंदर:

गो बाय, मेडशेन 'दास' म्हणान कित्याक रडतंस? आपला चेडू 'ता' नाय तर काय? झील इलो, बायल इली, चेडू इला. हय तुझे देर, दी, दास तिन्ही इले. जर्मन लोक मूळचे मालवणचेच असतले.

करलीचे_काटे:

आडबंदर, अहो 😂😂 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झील म्हणजे मुलगा तो, बायल म्हणजे बायको ती, आणि चेडू म्हणजे मुलगी, पण ता म्हणजे ते!! घरी रोज मालवणीत बोलतो आम्ही.

जुना_चाकरमानी:

आडबंदर यांनी गंमतीत खरं बोलून टाकलं. मी लालबागच्या चाळीत राहून कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकलो, मशीनची मॅन्युअलं वाचायला. वर्गात निम्मे हिंदीवाले होते, त्यांच्याकडे दोनच लिंगं, त्यांना 'दास' म्हणजे काय हेच पचेना. इंग्रजी शाळेतल्यांना तर टेबलाला लिंग असतं हाच धक्का. आपल्याला तो धक्का नाही. टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो, आपण आईच्या पोटातून हे घेऊन येतो.

मेडशेन नपुंसक का, तर शेवटचं 'शेन'. हा लाडाचा प्रत्यय, तो लागला की शब्द दास होतोच, त्यात अपवाद नाही. 'लाइन' लागला तरी तेच. तसंच शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट आलं की डोळे मिटून 'दी'. एवढ्यावर शेदोनशे शब्द फुकटात सुटतात. बाकीचे मात्र घोकायचे, आणि शब्द कधी एकटा पाठ करायचा नाही, देर टिश (टेबल), दी लांपे (दिवा), दास बूख (पुस्तक) असा जोडीनेच. मी वहीत तीन रंगांत लिहायचो, निळा, लाल, हिरवा. ती वही अजून आहे, वाळवीने थोडी खाल्लीय.

आणि उच्चाराचं तर आपल्याला वरदानच आहे. जर्मन झेड म्हणजे त्स. इंग्रजीवाले तिथे तोंड वेडंवाकडं करतात. आपण काय करायचं, चाक, चूल, चांगला यातला 'च'. चहातला नव्हे, चुलीतला! त्सूग म्हणजे ट्रेन, तो चुलीचाच च. 'इश' म्हणजे मी, त्याचा शेवट धड श नाही धड ख नाही, तर 'ह्या' म्हणताना ह ला टाळूवर जी हवा घासते ना, ती नुसती सोडायची. करून बघ.

पेठेतला:

माफ करा पण थोडा विरोधी सूर लावतो. मी पुण्यात रीतसर शिकलोय, बी-टू म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून जर्मनची लिंगं कळतात हा भ्रम आहे. सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये दी झोने, ती. नारळ तो, तिकडे दी कोकोसनुस. आंबा तो, तिकडे दी मांगो. होडी ती, तिकडे दास बोट. मराठीवरून अंदाज बांधलात तर निम्म्याहून जास्त वेळा तोंडावर आपटाल. पहिल्या दिवसापासून जर्मनमध्येच विचार करायची सवय लावावी, मध्ये ना इंग्रजी आणावी ना मराठी. आमच्या सरांनी पहिल्या तासाला दार लावून घेतलं आणि दीड तास एक शब्द दुसऱ्या भाषेत बोलले नाहीत.

आडबंदर:

दार लावन घेतला म्हणान तुमका भायर जावक गावला नाय, नायतर तुमीय पळाले असतात.

जुना_चाकरमानी:

पेठेतला, तुमचा मुद्दा बरोबर पण अर्धाच. कुठल्या शब्दाला कुठलं लिंग ते जुळत नाही हे मान्य. पण लिंग बदललं की पुढचं विशेषण, सर्वनाम सगळं बदलतं ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही, 'चांगला आंबा, चांगली चिंच, चांगलं केळं' हे रक्तात आहे. लिंग पाठ करणं वेगळं आणि लिंग म्हणजे काय हे समजणं वेगळं. तुमच्या सरांनी जे दार लावलं त्याच्या आत तुम्ही मराठी डोकं घेऊनच बसला होतात.

एक मजा सांगतो. 'देर झे' म्हणजे तळं आणि 'दी झे' म्हणजे समुद्र. शब्द तोच, लिंग बदललं की तळ्याचा दर्या होतो. कोकणातल्या माणसाने हे विसरून चालायचं नाही.

पाढेवाले_गुरुजी:

मला जर्मन येत नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, राजापूर तालुका. नात गेल्या वर्षी शिकत होती, तिचं घड्याळ घेत होतो त्यात एक गोष्ट सापडली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही, विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

ती म्हणाली, आजोबा, जर्मन लोक अडीच वाजले की 'हाल्ब द्राय' म्हणतात. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. अर्धा तीन. ती वैतागली होती की हे कसलं उलटं, साडेतीन वाटतं ना. मी म्हटलं बाई, उलटं नाही, हेच तर आपलं आहे. अडीच हा शब्द आला 'अर्धतृतीय' पासून. म्हणजे दोन पुरे झाले आणि तिसरा अर्धा झालाय. दीड हा 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा, तिकडे दीड वाजले की हाल्ब त्स्वाय. आणि साडेतीनला आपला जुना शब्द कुठला? औट! 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. तिकडे हाल्ब फीअर. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे रोज संध्याकाळी परवचा म्हणताना घोकून घेत. आजची पोरं औटकी म्हटलं की मी काही शिवी दिली अशी बघतात.

आता फरक कुठे पडतो ते नीट बघ बाळ करलीचे काटे (नाव छान घेतलंयस). साडेचारपासून आपण वाट बदलली. साडे हा 'सार्ध', अर्ध्यासकट, म्हणजे चार आणि वर अर्धा. जर्मन मात्र जुन्याच वाटेने बारापर्यंत चालत राहिले. म्हणून 'हाल्ब त्सेन' ऐकलंस की साडेदहा लिहू नको, दहावा तास अर्धा झालाय, म्हणजे साडेनऊ. नात इथेच चुकायची. मी तिला सांगितलं, औट वाजले, औटच्या पुढेही औटसारखंच मोज. मग नाही चुकली.

आकड्यांचंही तेच. एकवीस म्हणजे आधी एक मग वीस. जर्मनमध्ये आइन-उंट-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस. बत्तीस म्हणजे दोन आणि तीस, तिकडेही आधी दोन. इंग्रजी शाळेतलं पोर फोन नंबर ऐकून लिहिताना आकडे उलटे टाकतं, मराठी शाळेतलं टाकणार नाही, त्याला सवय आहे. फक्त आपलं एकोणतीस, एकोणचाळीस, हे 'एक उणे'वालं तिकडे नाही, ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात.

खाजणातला_बगळा:

गुरुजी, २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा राडा झाला होता आठवतंय का. जर्मन पोरं अजून 'एक आणि वीस'च म्हणतात आणि तरी गाड्या बनवतात 🙂

पाढेवाले_गुरुजी:

त्या विषयावर नको, माझं बीपी वाढतं.

जुना_चाकरमानी:

गुरुजी, साष्टांग दंडवत. तीस वर्षं 'हाल्ब' वापरतोय, औटशी नातं कधी लागलं नव्हतं डोक्यात. आणि करली, तुझ्या त्स्वाय-द्रायच्या भानगडीवर उतारा: खुद्द जर्मन लोकांनाही फोनवर हे दोन सारखे ऐकू येतात, म्हणून ते दोनला 'त्स्वो' म्हणतात. अनाउन्समेंटमध्ये त्स्वो ऐकलंस तर नवीन आकडा आला म्हणून घाबरू नको.

नेकरकाठची:

धागा वाचून राहवलं नाही. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ, आता सहा वर्षं श्टुटगार्टच्या जवळ एका वृद्धाश्रमात नर्स आहे. ड्युटीवरून आलेय, झोप येत नाहीये, म्हणून लिहिते, लांबेल.

करली, तुझ्या मॅडमना बोल लावत नाही पण मीही तशाच अडचणीतून गेलेय. मी क्लास लावला तो पण इंग्रजीतून. 'मला थंडी वाजतेय' हे सांगायला आम्ही इंग्रजीवरून बनवलं 'इश बिन काल्ट'. मी गार आहे! म्हणजे मी थंड काळजाची बाई आहे. गरम होतंय म्हणून 'इश बिन हाइस' म्हटलं तर त्याहून भलताच अर्थ होतो, पहिल्या महिन्यात मी ते एका ऐंशीच्या आजोबांना सांगून बसले, ते बिचारे हसून खोकत बसले. बरोबर काय? 'मीर इस्ट काल्ट'. मीर म्हणजे मला. मला थंड आहे. अगं हे तर शब्दाला शब्द मराठी आहे! मला आवडतं, 'एस गेफेल्ट मीर'. मासे मला चविष्ट लागतात, 'देर फिश श्मेक्ट मीर'. जिथे मराठीत 'मला, तुला, त्याला' येतं आणि करणारा कोणी नसतो, नुसतं होतं, तिथे जर्मनमध्ये पुष्कळदा डेटिव. चतुर्थी. क्लासमध्ये दोन महिने डेटिव डोक्यावरून गेलं आणि एक दिवस रात्रपाळीत एकटी बसले असताना हे लागलं, मी मोठ्याने हसले.

क्रियापदाचंही बघ. 'वाइल इश म्यूडे बिन', कारण मी दमलेली आहे. 'आहे' शेवटी. इंग्रजीवाले म्हणतात बाप रे क्रियापद शेवटी का टाकतात, आपण म्हणतो मग अजून कुठे टाकणार? साध्या वाक्यात मात्र दुसऱ्या जागेवर यायलाच हवं, तिथे आपली चूक होते. मी अजून घाईत करते.

'झी' आणि 'दू' हे तर सांगायलाच नको, तुम्ही आणि तू. इथे अनोळखी मोठ्या माणसाला दू म्हटलंस तर कपाळाला आठी. पण प्रार्थनेत देवाला दू म्हणतात! पहिल्यांदा चर्चमध्ये ऐकलं तेव्हा मला आमचं गाऱ्हाणंच आठवलं. 'बा देवा म्हाराजा' म्हणतो आणि पुढे सगळं तू आणि तुका. देवाशी कसला अहोजाहो.

आता कडू भाग. ए-वन झालं म्हणजे जर्मन आलं असं समजून येऊ नका. नर्सच्या मान्यतेला साधारण बी-टू लागतं आणि ते झाल्यावरसुद्धा मी आले तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांचं एक अक्षर कळेना, कारण ते श्वेबिश बोलतात, इथली बोली. मुलगी 'मेडशेन' नाही, 'मेडले'. घर 'हॉयसले'. सगळ्याला 'ले' लावतात लाडाने. पुस्तकी मराठी शिकून कोणी थेट मालवणच्या बाजारात मासे घ्यायला उभा राहावा तसं झालं माझं. पण एक सांगते, बोलीतून प्रमाण आणि प्रमाणातून बोली अशा उड्या आपण लहानपणापासून मारतो, घरी मालवणी, शाळेत मराठी. माझ्या बरोबरच्या दिल्लीच्या मुलीपेक्षा मला लवकर सवय झाली, असं मला तरी वाटतं.

आणि संस्कृती संस्कृती म्हणून पुस्तकात ऑक्टोबरफेस्ट नि ख्रिसमस बाजार दाखवतात ना (ऑक्टोबरफेस्ट सुरू सप्टेंबरमध्येच होतो हं, परीक्षेत विचारलं तर), रोजची संस्कृती वेगळीच आहे. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारी आणून ठेवायचं. रविवारी ड्रिल मशीन लावलंत तर शेजारी बेल वाजवतो. प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट परत, त्याला 'फांट' म्हणतात. आणि आमच्या भागात 'केरवोखे', बिल्डिंगचा जिना झाडायची आठवडा-आठवड्याची पाळी, दाराला पाटी अडकवलेली असते. मी एकदा विसरले तर खालच्या मजल्यावरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं जिन्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आजीची आठवण आली. अंगण सारवायला विसरलं की ती अशीच बघायची. वाढदिवस असला तर केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. पुष्कळ नियम आहेत, सांगायला कोणी येत नाही, चुकून चुकून कळतात.

तिठ्यावरचा:

ताई, माझ्या भावाचं बारावी झालंय, एक एजंट म्हणतोय तीन लाख भरा, सहा महिन्यांत जर्मनी. तो २०२४ चा सरकारी करार झालाय ना महाराष्ट्राचा, दहा हजार मुलं पाठवणार, त्यातूनच म्हणतोय.

नेकरकाठची:

भावा, सहा महिन्यांत म्हणणाऱ्याला आधी गेटबाहेर काढ. करार झाला हे खरं, फेब्रुवारी २०२४, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी, म्हणजे मी राहते तेच राज्य, आणि दहा हजारांचा आकडाही खरा. पण सरकारी करार आणि तुझा एजंट यांचा काय संबंध, त्याच्याकडे सरकारी कागद माग बघू, विषय बदलेल. बारावीवाल्यासाठी 'आउसबिल्डुंग' बघ, साधारण तीन वर्षं शिकत शिकत काम, त्यात पगार मिळतो. पण आधी बी-वन तरी नीट, नर्सिंगला त्याहून जास्त मागतात. भाषा कुठलाही एजंट तुझ्या भावाच्या तोंडात घालू शकत नाही. युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर वेगळा हिशोब, बँकेत ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ यूरो दाखवावे लागतात, शिवाय भारतातून जाणाऱ्यांना एपीएसचा (शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात तो) दाखला. फी बहुतेक राज्यांत नाही पण आमच्या राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० यूरो आहे.

बोटीवरचो:

मी मर्चंट नेव्हीत, दापोलीचा. भाषा येत नाही पण हांबुर्ग बंदर पाचसहा वेळा झालंय. तिथे रविवारी पहाटे फिशमार्क्ट भरतो, १७०३ पासूनचा. ओरडून ओरडून मासे विकतात, मला हर्णैचा लिलावच वाटला, फक्त लोक जॅकेटात. पावात कच्चं हेरिंग नि कांदा घालून देतात, पहिला घास घेताना डोळे मिटले, दुसरा उघड्या डोळ्यांनी. तिकडे उत्तरेला दिवसभर कधीही भेटा, 'मॉइन' म्हणतात, सकाळ संध्याकाळ काही नाही. आणि समुद्रापासून एवढं आत, नदीवरचं बंदर असून तिथे भरती-ओहोटी लागते, फ्लूट आणि एबे. ए-वनच्या पुस्तकात आहेत का हे शब्द? असायला हवेत.

माकूलला काय म्हणतात माहितीये? टिन्टेनफिश. शाईचा मासा!

करलीचे_काटे:

टिन्टेनफिश!! हे असलं का शिकवत नाहीत. आमच्या पुस्तकात पहिल्या धड्यात सॉसेज. मी काल शोधलं, कासवाला शिल्डक्रोटे म्हणतात, ढालवाला बेडूक 😀 फ्रिज म्हणजे क्यूलश्रांक, गार कपाट. हातमोजा म्हणजे हान्टशू, हाताचा बूट. हे सगळे समासच ना गुरुजी?

पाढेवाले_गुरुजी:

समासच. विग्रह करून दाखव: हाताचा बूट, षष्ठी तत्पुरुष. शंभरपैकी शंभर.

कौलारू:

जर्मन आणि कोकण म्हटलं की कोणी कौलांचं कसं नाही काढलं? आपल्या घरांवर मंगलोरी कौलं आहेत ना, ती बासेल मिशनवाल्यांची देणगी. मिशन स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातलं, पण माणसं बरीचशी जर्मन, व्युर्टेमबर्गची, म्हणजे नेकरकाठच्या ताईंच्या शेजारपाजारची. १८६० च्या दशकात मंगळूरला त्यांनी कौलांचा कारखाना काढला आणि मग ती कौलं गलबतांनी सगळ्या किनाऱ्यावर गेली. त्याच मिशनच्या गुंडर्टने मल्याळमचा शब्दकोश केला, किटेलने कन्नडचा, १८९४ सालचा. म्हणजे इकडे येऊन ते आपल्या बाजूच्या भाषा शिकले, तेव्हा त्यांना कोणी इंग्रजीतून नोट्स दिल्या नसतील.

खाजणातला_बगळा:

आणि मॅक्स म्युलर तर भारतात राहूनच ऋग्वेद शिकले. जर्मन भाषा संस्कृतातूनच निघालीय, नाक-नाझे, नाम-नामे, नव-नॉइन, बघा की.

पेठेतला:

बगळे, दोन्ही चूक. मॅक्स म्युलर भारतात एकदाही आले नाहीत, ऋग्वेदाचं संपादन ऑक्सफर्डला बसून केलं, १८४९ ते १८७४. इथे फक्त त्यांच्या नावाची भवनं आहेत, जर्मन शिकवणारी. आणि जर्मन संस्कृतातून निघालेली नाही, दोघींची पणजी एक. चुलतबहिणी म्हणा. जेजुरीला येऊन खंडोबाचा आणि धनगरांचा अभ्यास करणारा जर्मन बघायचा असेल तर सोंथायमर, हायडेलबर्गचे, ते खरोखर इथे येऊन राहिले, मराठी शिकले.

खाजणातला_बगळा:

चूक मान्य. व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

वैभववाडीचा_वैतागलेला:

करली, मी गेल्या वर्षी मुंबईत जाऊन ए-वन दिलं, म्हणून अनुभव. रात्री तुतारी पकडली, जनरलमध्ये उभा, सकाळी दादर, तिथेच तोंड धुतलं आणि काळा घोड्याला पोचलो. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं, प्रत्येकी २५, शंभरात ६० हवे. लेखी बरं गेलं. बोलायला आम्हाला गटात बसवलं. स्वतःबद्दल सांगा, नाव, वय, गाव, छंद. मी पोपटासारखं बोललो आणि खूश. तर त्या बाई म्हणतात, गावाचं स्पेलिंग सांगा. वैभववाडी!!! व्ही ला 'फाउ' म्हणतात आणि डब्ल्यूला 'वे', आणि माझ्या गावात दोन व्ही आणि एक डब्ल्यू. फाउ, आ, ई, बे, हा, आ, फाउ, वे, आ, दे, ई. घाम फुटला, दुसऱ्या फाउला मी वे म्हटलं, मग थांबलो, परत पहिल्यापासून. बाई शांतपणे हसत होत्या. बाजूचा पुण्याचा पोरगा, त्याला चार अक्षरं. ७१ पडले शेवटी. गावाचं स्पेलिंग आधी शंभर वेळा म्हण, एवढंच सांगतो.

करलीचे_काटे:

माझ्या गावात पण व्ही आहे, मेले.

एक विचारायचं राहिलं. 'दोख' म्हणजे काय? मॅडम म्हणाल्या नाही-प्रश्नाला हो उत्तर द्यायचं असेल तर दोख. पण पुस्तकात कुठेही मध्येच येतं, 'कोम दोख माल'. मॅडम म्हणाल्या भाषांतर होत नाही, सोडून द्या.

जुना_चाकरमानी:

इंग्रजीत होत नाही. मराठीत का नाही होणार? 'तू जेवली नाहीस?' 'जेवले की!' हा 'की' म्हणजे दोख. 'कोम दोख माल', ये की जरा. दोख म्हणजे की, माल म्हणजे जरा. आपण वाक्यात की, ना, बरं, जरा असली फोडणी घालतो ना, तसलीच त्यांचीही फोडणी आहे. पुस्तकं ती शेवटी शिकवतात आणि माणसं आधी बोलतात.

पेठेतला:

हे मात्र मानलं काका. बी-टू होऊन मला 'दोख' असा कधी सुचला नव्हता. दार उघडतो.

आडबंदर:

येवा दोख, आमचो धागो आपलोच आसा.

करलीचे_काटे:

अपडेट द्यायला उशीर झाला, घरी भात कापणी होती. दुसरी चाचणी झाली, २५ पैकी १७. घड्याळाचे पाचही प्रश्न बरोबर, सगळं श्रेय गुरुजींना. 'मीर इस्ट काल्ट' लिहिलं तर मॅडमनी बाजूला बरोबरची खूण करून विचारलं कुठे वाचलंस, अजून शिकवलं नाहीये. मी धीर करून सांगितलं, मॅडम, हे मराठीतून सांगितलंत तर आम्हाला पटकन कळेल. त्या गप्प झाल्या, मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, मला तसं कोणी शिकवलंच नाही गं, मी पण इंग्रजीतूनच शिकले. पुढच्या शनिवारी डेटिव आहे, आधी फळ्यावर 'मला तुला त्याला' लिहिणार म्हणाल्यात. बघू. एकोणीसमधले सोळा उरलोय. सोडत नाहीये हे नक्की, ए-वनचा फॉर्म मे मध्ये भरेन.

शनिवारी घरी पोचेपर्यंत अडीच होऊन गेले होते, एसटी रस्त्यात बंद पडली. आजी ओटीवर कोकमं निवडत बसली होती, तिला गुरुजींची गोष्ट सांगितली. दीडची, अडीचची, हाल्ब द्रायची. तिने ऐकलं, हातातलं कोकम सुपात टाकलं आणि विचारलं, "मगे औट वाजले की काय म्हणतत?"

म्हटलं हाल्ब फीअर.

"म्हणजे औटकी येता तेंका," म्हणाली, आणि जेवायला वाढायला उठली. जर्मनच्याच टोपातून.